पहिल्या कंपनीचे काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंब्याच्या घरपोच विक्रीचे ॲप, ते थांबल्यावर तारकर्ली-गुहागरच्या होमस्टेचे बुकिंग आणि आता बागेतला ओलावा मोजणारे सेन्सर, असा पंचविशीतल्या मुलामुलींचा प्रवास जिल्हा पानावर हल्ली वरचेवर वाचायला मिळतो. कौतुक रास्तच आहे. धंदा बसला यात कमीपणा काही नाही. हापूस मार्च ते मे, मासेमारीला १ जूनपासून बंदी, पावसात पर्यटक तुरळक. अशा मुलखात दोन-तीनदा बस्तान हलवावे लागणारच. पण तिसऱ्या स्टार्टअपच्या बातमीत पहिल्या प्रायव्हेट लिमिटेडचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ती बंद केलेली नसते, नुसती वाऱ्यावर सोडलेली असते.

व्यवहार शून्य असला तरी कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण करून एओसी-४ (आर्थिक पत्रके) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे फॉर्म भरावेच लागतात. वार्षिक सभेनंतर पहिल्याला ३० दिवस, दुसऱ्याला ६०. मुदत टळली की प्रत्येक फॉर्ममागे रोजचे १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्मचे वर्षाला ७३ हजार झाले. लाखभर भांडवलाची कंपनी असेल तर ५०० दिवसांत विलंब शुल्कच भांडवलाएवढे होते. सलग तीन आर्थिक वर्षे फॉर्म गेले नाहीत, तर कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) नुसार संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो आणि दुसऱ्या, नीट चाललेल्या कंपनीतले त्याचे पदही जाते. हे कळते केव्हा? तर सेन्सरच्या धंद्यात पैसे घालायला कोणी तयार होतो आणि त्याचा सीए संचालकाचा डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, तपासतो तेव्हा. विलंब माफीच्या योजना २०१८ आणि २०२० मध्ये आल्या होत्या, पण पुढच्या माफीच्या भरवशावर बसून राहणे हा काही हिशेब नव्हे.

बंद करायचे तर क्रम पाळावा. आधी येणी वसूल, देणी चुकती. मग जीएसटीची नोंदणी आरईजी-१६ भरून रद्द करायची आणि त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र द्यायचे. नोंदणी रद्द झाली म्हणजे सुटलो असे वाटते, म्हणून हे हमखास राहते. आयकराचा परतावा यायचा असेल तर तो जमा होईपर्यंत बँक खाते बंद करू नये; घाईने खाते मिटवले की परतावा लटकतो. धंदा थांबला त्या आर्थिक वर्षापर्यंतचे राहिलेले फॉर्म दंडासह भरावे लागतात. त्यानंतर ७५ टक्के भागभांडवल धारण करणाऱ्यांची संमती, संचालकांचे हमीपत्र व प्रतिज्ञापत्र, सीएने प्रमाणित केलेले ३० दिवसांच्या आतले मालमत्ता व देण्यांचे विवरण आणि १० हजार रुपये शुल्क, असा कंपनीचे नाव सरकारी नोंदवहीतून कमी करण्याचा एसटीके-२ अर्ज करायचा. मे २०२३ पासून या अर्जांसाठी हरियाणातल्या मानेसरला सी-पेस हे स्वतंत्र केंद्र आहे.

आपल्याकडे घोडे अडते ते सहीशी. हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र प्रत्येक संचालकाने द्यायचे असते. एक भागीदार पुण्यात नोकरीला लागलेला, दुसरा बोटीवर. त्याची सुट्टी लागेपर्यंत कागद पडून. डिजिटल सहीची मुदतही तोवर संपलेली असते. दुसरे म्हणजे पत्ता. घर सामाईक, लाइट बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, कोणा काकांच्या ना हरकत पत्रावर कार्यालय दाखवलेले. नोटिसा तिथेच येतात आणि ओटीवरच्या फळीवर न फोडता राहतात.

खरे तर पहिल्याच हंगामात आंब्याच्या पेट्या विकून बघणाऱ्याला प्रायव्हेट लिमिटेडची गरजच नसते. आधारवर मोफत होणारी उद्यम (लघुउद्योग) नोंदणी आणि एकट्याच्या मालकीचा व्यवसाय पुरतो. त्याला स्टार्टअप इंडियाची मान्यता मिळत नाही, हे खरे. ती हवीच असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, घ्यावी. तिला उलाढाल ४० लाखांपर्यंत आणि भागीदारांचे योगदान २५ लाखांपर्यंत असेल तर कंपनी कायद्यासारखे सक्तीचे लेखापरीक्षण नाही. मात्र ३० मेपर्यंतचा फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ३० ऑक्टोबरपर्यंतचा फॉर्म ८ (हिशेबाचे विवरण) तिलाही चुकत नाहीत. ३० मे म्हणजे पेट्यांची शेवटची धांदल, तेव्हा हा फॉर्म एप्रिलमध्येच उरकलेला बरा.

नाव कमी झाल्याची सूचना निघाल्यावरही जुने हिशेब लगेच रद्दीत घालू नयेत. कंपनीचे हिशेब आठ वर्षे जपण्याचा दंडक आहे आणि नाव कमी झाले म्हणून संचालकांचे दायित्व संपत नाही. आपल्याकडच्या ओलीत आणि वाळवीत कागद दोन पावसाळेही धड काढत नाहीत, म्हणून सगळ्याचे स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवावे.

आपला,
एक कर सल्लागार, चिपळूण