काटकसरीची कात्री चुकीच्या जागी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतील नोकरकपातीच्या बातम्या आपल्या दैनिकात हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. ‘वाढती स्पर्धा’ आणि ‘खर्चाला आळा’ ही दोन कारणे त्यांत जोडीने येतात आणि वाचणाऱ्याला ती सहज पटतात. सॉफ्टवेअर तपासण्याच्या, म्हणजे टेस्टिंगच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली. स्पर्धकाचा माल फुकट मिळत असेल, तर निदान तिथे तरी ही जोडी खोटी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे, २००४ सालात जावे लागेल.

त्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीत सुमारे ६० अब्ज डॉलर रोख पडून होते. वर्षाचा निव्वळ नफा ८ अब्ज डॉलरच्या वर होता. अशा घरात मे महिन्यात कर्मचाऱ्यांच्या सवलतींना कात्री लागली. कंपनीचे शेअर घेताना त्यांना १५ टक्के सूट मिळायची, ती १० टक्क्यांवर आणली. स्वस्त जेनेरिक औषध उपलब्ध असताना कोणी ब्रँडचेच घेतले, तर त्याचा काही भार कर्मचाऱ्याने उचलायचा, असे ठरले. रेडमंडच्या मुख्यालयात सायकलवरून येणाऱ्यांना किंवा व्यायाम करणाऱ्यांना अंघोळीनंतर मिळणारे टॉवेलही बंद झाले. पाठोपाठ जुलैत तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी सर्वांना पत्र पाठवून वर्षभरात १ अब्ज डॉलरची बचत करायची आहे, असे कळवले. आणि त्याच जुलैत कंपनीने भागधारकांसाठी प्रत्येक शेअरमागे ३ डॉलरचा खास लाभांश जाहीर केला. त्याची एकूण रक्कम होती सुमारे ३२ अब्ज डॉलर.

भागधारकांना पैसे देऊ नयेत, असे माझे म्हणणे नाही. पैसा त्यांचाच आहे. पण ज्या वर्षी ३२ अब्ज वाटता येतात, त्या वर्षी टॉवेलाचा खर्च झेपत नाही, हे कोणत्या कर्मचाऱ्याला पटेल?

औषधांचा नियम मात्र मला नुसत्या काटकसरीपेक्षा बोलका वाटतो. गुण तोच असेल तर ब्रँडसाठी जास्त पैसे कशाला मोजायचे, असे कंपनी आपल्या माणसांना सांगत होती. नेमका हाच प्रश्न तिचे ग्राहक तिला विचारू लागले होते. फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी विद्यार्थी असताना १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही संगणक चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली तोवर सर्व्हरच्या, म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या संगणकांच्या बाजारात घट्ट पाय रोवून उभी होती. कागदपत्रे आणि तक्ते करण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस’ या सॉफ्टवेअरच्या जागी ‘ओपनऑफिस’ फुकट मिळत होते. २००३ साली जर्मनीतल्या म्युनिकच्या नगर प्रशासनाने आपले सुमारे १४ हजार संगणक मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. तो टाळण्यासाठी बाल्मर सुट्टी अर्धवट टाकून तिथल्या महापौरांना भेटायला गेले होते, तरी उपयोग झाला नाही. या फुकट सॉफ्टवेअरमुळे आपली विक्री घटू शकते आणि किमती खाली आणाव्या लागू शकतात, असे कंपनीने आपल्या वार्षिक अहवालात स्वतःच लिहून ठेवले होते. म्हणजे धोका कळला नव्हता, असे नाही.

मग अशा वेळी खर्च कमी करून काय साधते? समोरचा दुकानदार शंभराची वस्तू नव्वदला विकत असेल, तर खर्च वाचवून आपण ती पंच्याऐंशीला देऊ शकतो. समोरचा शून्याला देत असेल, तर कितीही काटकसर केली तरी त्याच्या खाली जाता येत नाही. तिथे ग्राहक पैसे मोजतो ते एकाच कारणासाठी. जुनी फाइल बिनचूक उघडेल, रात्रीतून काही बिघडणार नाही आणि बिघडलेच तर फोन उचलायला कोणीतरी असेल, ही त्याची खात्री असते. ती खात्री देणारी माणसे हाच तुमचा माल. त्यांच्यावरच कात्री चालवली तर विकायला उरते काय?

आणखी एक गैरसमज आहे. ‘फुकट’ म्हटले की हौशी मुलांनी रात्री जागून केलेले काम डोळ्यांसमोर येते. लिनक्सची सुरुवात तशी झाली हे खरे, पण पुढे ते चित्र बदलले. २००१ या एका वर्षात लिनक्सवर १ अब्ज डॉलर खर्च करू, असे आयबीएमने जाहीर केले होते. रेड हॅट, इंटेल यांसारख्या कंपन्यांचे पगारी अभियंते आजही लिनक्सच्या गाभ्यावर काम करतात. मला हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवावेसे वाटतात. एका बाजूने १ अब्ज डॉलर फुकटच्या मालात ओतले जात होते आणि दुसऱ्या बाजूने १ अब्ज डॉलर विकाऊ मालातून काढून घेतले जात होते.

ब्राउझरच्या बाबतीत तर उघड नुकसान झाले. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर ६ हा २००१ साली आला आणि बाजारात त्याला स्पर्धक उरला नाही, तसे त्यावरचे काम थंडावले. पुढची, सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडले. मधल्या काळात, नोव्हेंबर २००४ मध्ये, फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर आला आणि लोक आपणहून तिकडे वळले. दोन्ही ब्राउझर फुकटच होते, त्यामुळे किमतीचा प्रश्नच नव्हता. एकावर माणसे काम करत होती, दुसऱ्यावरची माणसे काढून घेतली होती, एवढाच फरक.

आता माझ्या कामाविषयी. टेस्टरचे काम बाहेरच्याला दिसत नाही. फाइल सेव्ह होत असताना मुद्दाम वीज तोडायची, डिस्क काठोकाठ भरून मग अपडेट चालवायचे, कागदपत्रांचा फोल्डर नेहमीच्या जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायचा आणि नवी आवृत्ती त्याचे काय करते ते पाहायचे, असे आमचे दिवस जायचे. शंभरात नव्याण्णव वेळा काहीच होत नाही. म्हणून खर्चाचा तक्ता घेऊन बसलेल्या माणसाला आमचे पगार वाया जाताना दिसतात. मी ज्या कंपनीत होतो, तिथेही अशीच एक लाट आली. ‘आता डेव्हलपरच (प्रोग्राम लिहिणारेच) तपासतील’ असे सांगून आमच्या अकरा जणांच्या गटातले सात जण एका दुपारी घरी पाठवले. जुन्या संगणकांची खोली रिकामी झाली. महिन्याभराने ग्राहकाकडून पहिली मोठी तक्रार आली, तेव्हा ती तपासून पाहायला जुने यंत्रच शिल्लक नव्हते.

मायक्रोसॉफ्टने २०१४ साली १८ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत बहुतेक नोकियाचा मोबाइल फोनचा व्यवसाय विकत घेतल्याने आलेली माणसे होती, पण विंडोजच्या टेस्टरांनाही मोठा फटका बसला. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट आले आणि काही लोकांची कागदपत्रे, फोटो पुसले गेले. काही दिवसांतच ते अपडेट थांबवावे लागले. कारण काय होते, तर ज्यांनी आपले फोल्डर मूळ जागेवरून हलवले होते, त्यांच्या जुन्या जागेतला ऐवज नको असलेला समजून काढून टाकला गेला. ती बातमी वाचताना माझा घास घशात अडकला. याच एका गोष्टीची तपासणी मी उभ्या नोकरीत किती वेळा केली असेल, याची गणती नाही. चाचणी आवृत्ती वापरणाऱ्या काही सामान्य लोकांनी हा दोष आधीच कळवलाही होता, पण तक्रारींच्या ढिगात तो कोणाच्या नजरेला पडला नाही. पाच जुने टेस्टर तिथे असते तर तो पडला असता, असे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

टॉवेल २००६ साली परत आले. ते काढण्यातली चूक कंपनीला उमगली, याचा मला आनंद आहे. पण टॉवेल परत आणता येतात. पंधरा वर्षे एकच प्रणाली तपासून तिचे दुखरे कोपरे हाताला ठाऊक झालेला माणूस एकदा गेला की परत येत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. २०२५ च्या मे आणि जुलैमध्ये मिळून याच कंपनीने सुमारे १५ हजार नोकऱ्या कमी केल्या आणि जूनअखेर संपलेल्या वर्षाचा तिचा निव्वळ नफा १०० अब्ज डॉलरच्या वर गेला. या दोन बातम्या वर्तमानपत्रांत सहसा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर येतात. त्या एकाच चौकटीत छापाव्यात. शिवाय कपात नेमकी कोणत्या विभागात झाली, टेस्टिंग आणि ग्राहकसेवेतली किती माणसे गेली, हेही आपल्या वार्ताहरांनी कंपन्यांना विचारावे. ते सॉफ्टवेअर पैसे मोजून वापरणारे आपलेही वाचक आहेत.

आपला,
एक निवृत्त सॉफ्टवेअर टेस्टर