कॅनडातील बाई आणि आपल्या वाड्यावरची बाई

माननीय संपादक महोदय,

मे २०२५ मध्ये अनिता आनंद कॅनडाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि त्यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसभर अभिनंदनाचे संदेश फिरत होते. त्यांचा जन्म नोव्हा स्कॉशिया प्रांतातील केंटव्हिलचा, म्हणजे देश सोडून गेले ते त्यांचे आईवडील. पण हा तपशील कोणाच्या आनंदाच्या आड आला नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. मला मात्र त्या दिवशी दुसऱ्याच एका बाईची आठवण झाली. तिचे आपल्याशी रक्ताचे नाते नसल्यामुळे तिच्याविषयी आपल्याकडे सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

जीन ऑगस्टीन यांचा जन्म १९३७ साली कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या बेटावर झाला. या देशाचे एकूण क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्या देशाच्या ध्वजावर जायफळ आहे. माझ्या कुळागरात पोफळींच्या सावलीत जायफळाची चार झाडे आहेत. फळ पिकून तडकले की फटीतून आतली तांबडी जायपत्री दिसते, आणि ध्वजावरचे चित्र नेमके तशाच तडकलेल्या फळाचे आहे. त्या चित्रामुळेच मी या बाईंविषयी वाचायला लागले, हे कबूल करते.

ग्रेनाडात त्या शाळेत शिकवत होत्या. १९६० साली त्या कॅनडात गेल्या त्या मात्र शिक्षिका म्हणून नव्हे, तर घरकामगार म्हणून. कॅनडाने १९५५ पासून वेस्ट इंडीजमधील तरुण, अविवाहित आणि मुलेबाळे नसलेल्या स्त्रियांना घरकामासाठी आणण्याची एक योजना चालवली होती. एक वर्ष दुसऱ्याचे घर आणि मुले सांभाळली की पुढे दुसरे काम शोधण्याची मोकळीक मिळे. कृष्णवर्णीयांना एरवी त्या देशाचे दार जवळजवळ बंदच होते, त्यामुळे शिकलेल्या मुलींनीही, त्यांत शिक्षिका आणि परिचारिकाही होत्या, हाच रस्ता धरला. ऑगस्टीन यांनी ते वर्ष काढले, मग टोरांटोच्या अध्यापक महाविद्यालयात नव्याने प्रशिक्षण घेतले, विद्यापीठाच्या पदव्या मिळवल्या आणि तिथल्या कॅथलिक शाळांत शिकवता शिकवता त्या मुख्याध्यापिका झाल्या. शिकवण्याचा अनुभव गाठीशी असूनही पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसावे लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यभर खडू हातात धरला त्यांना वेगळे सांगायला नको.

राजकारणात त्या आल्या त्या अशा वाटेने. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्षपद आणि टोरांटोच्या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाचे अध्यक्षपद ही त्यांची पूर्वतयारी. गळक्या छपरांच्या आणि थकलेल्या भाड्याच्या तक्रारी जिथे येतात तिथे बसलेली बाई १९९३ साली लिबरल पक्षातर्फे इटोबिको-लेकशोर मतदारसंघातून निवडून आली आणि कॅनडाच्या लोकसभेतील पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून देशभर पाळावा, हा त्यांचा ठराव डिसेंबर १९९५ मध्ये सभागृहाने एकमताने मंजूर केला. २००२ मध्ये त्या मंत्री झाल्या आणि २००६ च्या निवडणुकीपूर्वी स्वतःहून बाजूला झाल्या.

बहुतेक लेखांत त्यांची गोष्ट इथे संपते, पण मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. २००७ साली ऑंटारिओ प्रांताने परदेशात शिकून आलेल्यांना त्यांच्या व्यवसायात प्रवेश देताना न्याय होतो की नाही, हे पाहणारे एक नवे आयुक्तपद निर्माण केले आणि त्यावर पहिली नेमणूक ऑगस्टीन यांची झाली. डॉक्टर, परिचारिका, अभियंते, शिक्षक यांच्या नियामक मंडळांनी अर्जदाराला किती काळ ताटकळत ठेवले, नकार दिला तर कारण लेखी सांगितले का, हे विचारण्याचा अधिकार २०१५ पर्यंत त्यांच्याकडे होता. माझी भाची गोव्यात परिचारिका होती. ती त्याच प्रांतात गेल्यावर कागदपत्रांची छाननी पूर्ण होईपर्यंत दीड वर्ष एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करत होती, आणि फोनवर तिची आई तिला दर रविवारी एकच प्रश्न विचारायची, ‘कागद आले?’ त्या घरात आयुक्तपद या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसता.

आता आपल्याकडे वळते. आपल्या चाळीस सदस्यांच्या विधानसभेत २०२२ साली तीन स्त्रिया निवडून आल्या आणि तिघींचेही पती त्याच निवडणुकीत त्याच सभागृहात निवडून आले. शशिकला काकोडकर १९७३ साली मुख्यमंत्री झाल्या हा आपला अभिमान रास्त आहे आणि त्यांचे कर्तृत्व मी उणे लेखत नाही. तरी वडिलांनंतर त्या पदावर आल्या, हेही खरेच. ज्या बाईमागे घराणे नाही तिच्यासाठी पंचायत हे एकच दार उरते, आणि तिथेही राखीव प्रभागात बाईचे नाव लागते व कारभार नवरा पाहतो, हे आपल्या वार्ताहरांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कर्नाटकातल्या गदगकडची एक बाई बावीस वर्षे राहते. ती चार घरची धुणीभांडी करते, कोंकणी आमच्यासारखीच बोलते, मराठी वाचते, वाड्यावरच्या बायकांचे गृह आधार या सरकारी योजनेचे अर्ज भरून देते आणि म्हाताऱ्यांना बसने फोंड्याच्या इस्पितळात घेऊन जाते. तिचे नाव आमच्याच मतदारयादीत असल्यामुळे कायद्याने तिला पंच, म्हणजे पंचायतीची सदस्य, होण्यास आडकाठी नाही. २०२२ च्या पंचायत निवडणुकीआधीच्या बैठकीत कोणीतरी तिचे नाव घेतले, तेव्हा मागून आवाज आला, ‘ती भायली’, म्हणजे बाहेरची. विषय तिथेच संपला आणि एका माजी पंचाच्या पत्नीचे नाव ठरले. भाचीला परक्या देशात न्याय मिळावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली मी त्या बैठकीत दुसऱ्या रांगेत होते, आणि मीही गप्प बसले.

पुढच्या वेळी अर्ज भरायचा असेल तर सूचक म्हणून मी सही करीन, असे मी तिला परवा सांगितले. हातातले भांडे विसळत ती म्हणाली, ‘टीचर, वॉर्ड राखीव झाला तर बघू.’

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
फोंडा तालुका, गोवा