देवळाली कॅम्पच्या दीपगृहवाल्या काकांना उघडं पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर बसून तुमचे आभार मानणं आजवर कुणाला जमलेलं नाही, असं काकू म्हणतात. आम्हालाही जमलं नाही. अंदमानहून परतल्यावर पेढे घेऊन आलो, तर अर्धा पेढा तोंडात टाकून तुम्ही लासलगावच्या कांद्याच्या भावावर जे सुरू झालात, ते आम्ही चपला घालेपर्यंत थांबला नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. नाशिकहून अंदमानला जाणारे पुष्कळ आहेत. पाठीवर तंबू घेऊन, पक्षी-कासवं बघायला निघणारेही आता वाढलेत. त्यांना तुमचा पत्ता देणार नाही, निश्चिंत राहा. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते त्यांच्या कानावर जायला हवं.

आमची टोळी सह्याद्रीत वाढलेली. हरिहरच्या पायऱ्या, साल्हेरचा मुक्काम, थंडीत नांदूरमध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन बदकं मोजत बसणं, हे आमचं जग. समुद्राशी संबंध दिवेआगरपुरता. त्यातून 'लांबच्या बेटावर तंबू ठोकून राहायचं' हे खूळ डोक्यात शिरलं. एका ट्रॅव्हलवाल्याने 'प्रायव्हेट बीच कॅम्पिंग'चा सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गार पडलो, आणि परवानगी कुणाची घ्यायची असं विचारल्यावर "ते आपण बघून घेऊ" हे उत्तर ऐकून आणखी गार पडलो. तेवढ्यात काकूंच्या भजनी मंडळातून धागा लागला, की यांचे मिस्टर उत्तर अंदमानात दीपगृहावर होते म्हणे. नाशिकचा माणूस आणि दीपगृहावर? आम्हाला आधी थापच वाटली.

पहिल्याच भेटीत तुम्ही यादी मागितलीत. यादी लांबलचक होती. इंटरव्ह्यू बेट, बॅरन, नारकोंडम, लिटल अंदमान, हॅवलॉक, आणि आमच्यातल्या एकाने खाली पेन्सिलने 'सेंटिनेल (लांबून)' असंही लिहून ठेवलेलं. तुम्ही चष्मा लावलात. सेंटिनेल म्हणजे बाहेरच्यांना बंदी असलेलं आदिवासींचं बेट. ते लिहिणाऱ्याकडे नुसतं बघितलंत, त्याने आपणहून ते खोडलं. बाकीच्यांना मात्र एकेक कारण दिलंत. बॅरनवर देशातला एकमेव जागता ज्वालामुखी, तिथे उतरू देत नाहीत. नारकोंडम जेमतेम सात चौरस किलोमीटरचं, पोलिसांची चौकी सोडली तर तिथे माणूस नाही. नारकोंडम धनेश जगात फक्त तिथेच आहे आणि तो आपल्याला बघायला मिळाला नाही तरी त्याचं काही बिघडत नाही, हे तुमचे शब्द. इंटरव्ह्यू बेटावर लाकूडतोड कंपनीने धंदा गुंडाळताना सोडून दिलेल्या हत्तींचे वंशज रानात फिरतात. ते ऐकून आमचे डोळे चमकले, तर तुम्ही म्हणालात, "ते अभयारण्य आहे. आणि रात्री तंबूपाशी हत्ती आला तर कुठे पळणार, समुद्रात?"

काकूंचा चहा येईपर्यंत यादीत एकच ओळ उरली होती. उत्तर अंदमानात दिगलीपूरच्या पुढे, कालीपूरचा कासवांचा किनारा.

"एका जागी बसा. जे यायचं ते येईल."

माहिती देणारे पैशाला पासरी भेटतात. 'हे नको, ते नको' असं सांगून वर त्याचं कारण देणारा, आणि त्यासाठी आपली संध्याकाळ खर्ची घालणारा माणूस सहजासहजी भेटत नाही. आमची सहल घडली ती तुमच्या त्या 'नको'मुळे.

मग तुमच्या व्हरांड्यात झालेली सामानाची झडती. सॅक उलट्या करायला लावल्यात. ब्लूटूथ स्पीकर तुम्ही उचलून सरळ काकूंच्या शोकेसमध्ये ठेवलात. तो अजून तिथेच आहे, असू दे. गॅसचे छोटे डबे विमानात नेऊ देत नाहीत, म्हणून तेही बाहेर. सह्याद्रीतल्या थंडीच्या जाड स्लीपिंग बॅगा काढून त्या जागी साध्या चादरी आणि मच्छरदाणी. टॉर्च मात्र तुम्ही बारकाईने बघितलेत, आणि गणपतीच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटीन कागद काढून प्रत्येकाच्या काचेवर दुहेरी घडी करून रबरबँडने बसवलात. पांढरा उजेड दिसला तर अंडी घालायला आलेली कासवाची मादी वाळूवरून तशीच परत फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे धावतात. हे आम्ही वाचलेलं होतं. पण गणपतीचा कागद कुणाला सुचला नव्हता!

जहाजाबद्दल तर वेगळेच आभार. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण तुमच्या तोंडी जुनंच बसलंय) दिगलीपूरला अंदमान ट्रंक रोडने जाता येतं. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्या भागातला रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. तरी गाड्यांचे ताफे अजून रोज जातात, थांबायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत या अटींवर. "अट पाळाल तुम्ही, पण खिडकीतून बघालच ना? माणसं काय बघायला जायची?" एवढंच बोललात आणि दिगलीपूरजवळच्या एरियल बे बंदराला जाणाऱ्या रात्रीच्या जहाजाचं सुचवलंत. त्या तिकिटांचं सगळं आयत्या वेळी ठरतं. तिथल्या तुमच्या जुन्या सहकाऱ्याने आमच्यासाठी रांगेत उभं राहून ती काढून ठेवली, आणि पैसे दिले तर हिशोबाच्या वर एक रुपया घेतला नाही. त्यांनाही याच पत्रातून नमस्कार.

रात्रभर डेकवर झोप कसली येते! पण पहाटे उत्तर अंदमानचे डोंगर दिसायला लागले तेव्हा रस्त्याने न आल्याचं वाईट वाटलं नाही.

एक गंमत सांगायची राहिली. दिगलीपूरच्या आसपास पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, त्यात एक रामनगर आणि एक सीतानगर. पंचवटीतून निघालेली माणसं दोन हजारांवर किलोमीटर लांब जाऊन रामनगरच्या पाटीखाली फोटो काढत होती. आमच्यातल्या एकीची आई भाविक आहे. तिला तो फोटो कासवांपेक्षा जास्त आवडला.

तंबू किनाऱ्यावर लावायचा नाही, हे तुम्ही निक्षून सांगितलं होतंत. कासवांचा किनारा, वनखात्याची जागा, परवानगीशिवाय काही नाही. त्याऐवजी तुम्ही फोन करून ठेवलेल्या बंगाली कुटुंबाच्या सुपारीच्या बागेत आमचे तंबू उभे राहिले. ती जागा निवडतानाही तुमचा कागद हातात होता. नारळाखाली नको, डोक्यात नारळ पडेल. ओढ्याच्या मुखापाशी नको, तिथे खाऱ्या पाण्यातली मगर असते. भरतीच्या रेषेच्या वर, आणि ती रेषा पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची धरायची, कालच्या ओल्या वाळूची नाही. घरच्या आजोबांनी तो कागद उलटसुलट करून बघितला. मराठी त्यांना येत नाही, पण तुम्ही काढलेल्या मगरीच्या चित्राला त्यांनी जोरात मान डोलावली.

घड्याळाचा हिशोबही तुमचाच. नाशिक आणि अंदमान यांत रेखांशाचा फरक जवळजवळ एकोणीस अंश, म्हणजे सव्वा तास, आणि घड्याळ मात्र एकच. त्यामुळे हिवाळ्यात तिकडे पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. साडेतीनला चूल पेटवा असं तुम्ही म्हणालात तेव्हा आम्ही हसलो होतो. तिथे गेल्यावर रोज साडेतीनला खिचडी टाकली.

सँडफ्लाय, म्हणजे वाळूतल्या चावऱ्या माश्या, त्यांच्यावरचं औषध, म्हणजे खोबरेल तेलात डेटॉल, लागू पडलं. वासाबद्दल काही बोलत नाही.

आणि तिथलं सॅडल पीक हे शिखर. ७३२ मीटर हा आकडा ऐकून कळसूबाईवाल्या आमच्या मंडळींनी नाक मुरडलं होतं. "कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच केवढं उंचावर आहे. हे पाण्याच्या काठापासून चढायचंय, आणि हवा अशी की अंगावरचा शर्ट पिळून घ्यावा लागेल," हे तुमचं वाक्य वाटेत कितीदा आठवलं ते विचारू नका. वर पोचलो. दिसलं मात्र काही नाही, सगळं ढगात.

आता कासवाचं सांगते. हे तुम्हाला समोरच सांगायचं होतं, पण कांदा मध्ये आला.

कालीपूरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशी चारही कासवं अंडी घालतात. आपल्या वेळासला ऑलिव्ह रिडले तेवढी पाहिलेली. पहिल्या रात्री काही नाही, नुसता वारा. सकाळी मात्र वनखात्याच्या रखवालदाराने वाळूवरचा माग दाखवला. दोन्ही बाजूंना अगदी सारखा, निफाडच्या द्राक्षबागेतून फवारणीचा ट्रॅक्टर गेल्यासारखा. तो ग्रीनचा होता. ऑलिव्ह रिडले डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकते, म्हणून तिचा माग तिरपा, एकाआड एक उमटतो. माग वाचून कासव ओळखायला शिकलो ते त्याच सकाळी.

नंतरच्या एका रात्री ऑलिव्ह रिडलेची मादी आली. रखवालदाराने हाताने सगळ्यांना खाली बसवलं. खड्डा खणायला सुरुवात झाल्यावरच त्याने आम्हाला मागच्या बाजूने जवळ नेलं, लाल उजेडात. मागचा एक पाय खड्ड्यात जायचा, टोक आत वळवून थोडीशी वाळू उचलायचा आणि कडेला अलगद ठेवायचा. मग दुसरा पाय आपल्याजवळची वाळू झटकन पुढे उडवायचा आणि आत उतरायचा. डोळ्यांना काही दिसत नसताना, निव्वळ पायाच्या अंदाजाने. पाय तळाला टेकेनासा झाला तेव्हा ती थांबली आणि अंडी पडायला लागली, दोन-दोन, तीन-तीन. डोळ्यांतून पाणी गळत होतं. अंगातलं जादा मीठ ते असं बाहेर टाकतात, हे माहीत असूनही आमच्यातली एक रडलीच. सगळ्यात शेवटी खड्डा बुजवून ती अख्खं अंग डावीकडे-उजवीकडे आपटत वाळू दाबत होती. धप, धप. तो दणका बसल्या जागी पायाखाली कळत होता. हे एकाही व्हिडिओत कळलं नव्हतं.

ती पाण्यात गेल्यावर रखवालदारांनी अंडी मोजून हॅचरीत हलवली. कुत्री आणि घोरपडी टपलेल्याच असतात.

बाकीच्या दिवसांत तुमच्या म्हणण्याप्रमाणे बसून राहिलो. केळीच्या पानावर पोपटी रंगाची अंदमानी पाल दिवसाउजेडी फिरताना दिसली. आपल्याकडची पाल अंधारातली, ही उन्हातली. काळा कुळकुळीत अंदमान सुतार रोज सकाळी त्याच वाळलेल्या खोडावर यायचा. नांदूरमध्यमेश्वरला वर्षानुवर्षं जाणाऱ्या आमच्या पक्षीमित्राने त्याच्यासाठी अख्ख्या सकाळी घालवल्या आणि रॉस आणि स्मिथ या बेटांमधल्या वाळूच्या पट्ट्यावर यायला साफ नकार दिला.

आम्ही मात्र गेलो, तुमच्या कॅरन मित्राच्या डुंगीतून, म्हणजे इंजिनाच्या छोट्या होडीतून. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून मायाबंदरजवळ येऊन वसलेल्यांचे ते वंशज, हे तुम्ही सांगितलं होतं. ते आमच्यासाठी मुद्दाम मायाबंदरहून येतील, हे सांगितलं नव्हतं. परमिट त्यांनी एरियल बेला काढून घेतलं. ओहोटीला दोन बेटांमधला पट्टा उघडा पडतो, त्याच्या आधी अर्धा तास त्यांनी आम्हाला दुसऱ्या बाजूला नेऊन मेलेल्या प्रवाळाचा सपाट तट दाखवला. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि पाण्याखालची प्रवाळं उघड्यावर येऊन मेली. खाली निकोबारकडे जमीन उलट खचली. त्या दिवशी तुम्ही दोघं कुठे होतात, हेही त्यांनी सांगितलं. ते तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत, म्हणून इथेही लिहीत नाही. फक्त एवढं, की ते सांगताना त्यांनी इंजिन बंद केलं होतं.

शंख, शिंपले, प्रवाळ काही आणलं नाही. विमानतळावर तपासणीत आमच्या पुढच्या कुटुंबाची पिशवी उघडली गेली तेव्हा तुमची आठवण झाली.

तुमच्या मित्राची तुमच्यावर एक तक्रार आहे. फोन लागत नाही म्हणतात. त्यांनी नंबर बदललाय, आणि २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून तिकडे व्हिडिओ कॉलही लागतो, निदान मायाबंदरच्या बाजारात तरी. शनिवारी आम्ही येतोय, नवा नंबर तुमच्या फोनमध्ये टाकून देते. कॉल लावायचं त्यांच्याशी ठरलंय, पाचच्या आत, कारण त्यानंतर तिकडे अंधारात त्यांचा चेहरा दिसायचा नाही. काकूंना सांगा, चहा आम्ही करू.

तुमची,
कॉलेज रोडची टोळी
नाशिक