शीला, पुस्तक मागवण्याआधी हे वाच

प्रिय शीला,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज येऊन दोन महिने झाले. दोन ओळींत उत्तर देता येईना आणि लांब लिहायला बसणं होईना. माफ कर. आईचा गुडघा बरा आहे, माझं बीपी ताब्यात आहे.

तर तू घरीच शिकवतेस त्या रूथचं सातवीचं लाइफ सायन्स, म्हणजे जीवशास्त्र. तू विचारतेस, "कुठलं ख्रिस्ती पुस्तक घेऊ?" माझा आग्रह असा, की आधी नवऱ्याशी, डॅनियलशी बोल. सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचे की नाहीत, यावर तुमच्या दोघांचं अजून ठरलेलं नाही. ते न ठरवता पुस्तक आणलंस, तर तो वाद मार्चमध्ये रूथच्या टेबलावर सुरू होईल. आपला तर हॉस्टेलच्या गच्चीपासून चालूच आहे. मी तुझ्या बाजूला आलेली नाही, तूही माझ्या नाहीस. त्या रात्री मेट्रनने खाली हाकललं म्हणून वाद अर्धवट राहिला, एवढंच!

बीजेयू प्रेस, अबेका आणि अपोलोजिया हे तिन्ही अमेरिकेतले ख्रिस्ती प्रकाशक. बीजेयूचं लाइफ सायन्स सातवीसाठीच आहे. ते पृथ्वी काही हजार वर्षांचीच धरून चालतं. अबेकाचीही तीच धारणा, पण तिथे पाठांतर आणि छोट्या परीक्षा जास्त. अपोलोजियाची भाषा मुलाशी गप्पा मारल्यासारखी, मात्र त्यांचा नेहमीचा क्रम सातवीला जनरल सायन्स, आठवीला फिजिकल सायन्स आणि बायॉलॉजी हायस्कूलमध्ये. सीके-१२ ही ऑनलाइन पुस्तकं देणारी संस्था, तिचं मिडल स्कूलचं लाइफ सायन्स फुकट मिळतं. ते ख्रिस्ती नाही, तरी तुलनेसाठी शेजारी उघडं ठेव.

नमुन्याची पानं बघशील तेव्हा पहिला धडा सोड, तो सगळ्यांचाच गोड असतो. आनुवंशिकतेचा काढ. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले होते. चांगलं पुस्तक तो भागाकार मुलाकडून करून घेतं. उत्तर २.९६ येतं, ३ नाही, आणि असं का, हे विचारतं. नुसतं "३:१ प्रमाण" छापून पुढे जाणारं पुस्तक विज्ञान शिकवत नाही.

मग उत्क्रांतीचा धडा. मला खरी काळजी याची आहे, शीला. पुस्तकाने उत्क्रांती मानावी असं मी म्हणत नाही. पण समोरच्याचं म्हणणं समोरच्याला ओळखू येईल अशा शब्दांत मांडलंय का, ते बघ. "सगळं योगायोगाने घडलं असं ते म्हणतात" असं वाक्य दिसलं की थांब. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांतला बदल, यादृच्छिक असतो, नैसर्गिक निवड तशी नसते. "माणूस आजच्या माकडापासून झाला" असंही कुणी जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही, ते समान पूर्वज म्हणतात. अशी बुजगावणी पाडायला शिकलेली मुलगी अठराव्या वर्षी खरा युक्तिवाद ऐकते, तेव्हा तिला वाटतं की घरच्यांनी आपल्याला फसवलं. पुस्तकाबरोबर मग प्रार्थनाही सुटते. रूथच्या बाबतीत हे होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजच्या प्रवेशाची धास्ती आत्ता नको. तुमच्या टेक्सासमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या लीपर निकालानुसार होमस्कूल ही खासगी शाळाच धरतात. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व सक्तीचं, विज्ञान त्या यादीतच नाही. तू ऐकलंस तो कॅलिफोर्नियाचा खटला हायस्कूलचा. बीजेयू आणि अबेकाच्या पुस्तकांवरचे बायॉलॉजीचे कोर्स तिथलं विद्यापीठ प्रवेशासाठी धरत नव्हतं. ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने २००५ मध्ये दावा लावला, २००८ मध्ये आणि अपिलात २०१० मध्येही हरली. नववीला हे ध्यानात ठेव.

पैसे मायक्रोस्कोपवर घाल. ४०, १०० आणि ४०० पट, एलईडी दिवा, एवढं पुरे. हजार पटीचं भिंग तेलाशिवाय चालत नाही, सातवीला ते लागत नाही. कांद्याचा पापुद्रा नुसत्या पाण्यात जवळजवळ दिसतच नाही, आयोडीनचा एक थेंब घाल. वरची पातळ काच तिरकी टेकवून हळू सोड, नाहीतर हवेचा बुडबुडा येतो आणि मुलं त्यालाच पेशी समजून चित्र काढतात. (आपल्या जर्नलमधला तो काळ्या कडेचा गोल आठवतो? तो तुझाच होता, अजूनही म्हणते.) सुरुवात ४० पासून, दिवा मंद. पुस्तकातल्या चित्रात हरितलवक असतं, म्हणून रूथ ते कांद्यात शोधत बसेल. तिथे ते नसतं. मॉसचं पान लाव, ते बहुतेक एकाच पेशीच्या जाडीचं असतं, हिरवे ठिपके लगेच दिसतात.

प्रयोग आठवड्यातून एकदाच, पण वार ठरलेला. तो "वेळ मिळाला तर"वर सोडलास, की डिसेंबरपर्यंत सगळे राहतात.

नवी नोकरी लागली ना? अभिनंदन. धाकट्या नोहाचा दात पडला का? डॅनियलची नाइट शिफ्ट संपली का, कळव. चर्चमध्ये सगळ्यांना सलाम.

तुझीच,
मर्सी

ता. क. जुनी पुस्तकं घेणार असशील तर मुलाचं पुस्तक आणि शिक्षकांची प्रत एकाच आवृत्तीची बघ. नाहीतर पानं जुळत नाहीत आणि उत्तरं भलत्याच प्रश्नांची निघतात. टेस्ट आणि उत्तरसूची बऱ्याचदा वेगळी विकतात. नोहाची वेळ येईल तेव्हा फक्त लिहून भरायची वही नवी घे.