आशाताई, माझ्या आईची पिशवी वाचली

आशाताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या वस्तीच्या आशा सेविका, पण हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. आपल्या धारूर तालुक्यातल्या बायांनीही ते वाचावं.

चार वर्षांपूर्वीचा भाद्रपद तुम्हाला आठवत असेल. दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याला निघायचं होतं, मुकादमाची आगाऊ उचल घरात आली होती. आईच्या अंगावरून पांढरं जात होतं, कंबर धरून बसायची. खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. "गर्भाची पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल," एवढंच सांगितलं. बाबांनी उचलीतले पस्तीस हजार बाजूला काढले. आई चौतीस वर्षांची होती. मावशीची पिशवी तर सव्विसाव्या वर्षीच काढली. तेव्हापासून मोळी डोक्यावर घेतली की तिला चक्कर येते, पण खाडा पडला की पैसे कापतात म्हणून जाते बिचारी.

२०१९ साली शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यानंतर खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना ते तुम्ही सांगितलंत.

रबर लावलेलं रजिस्टर ओट्यावर ठेवून तुम्ही म्हणालात, "वहिनी, पिशवी काय पळून चालली का? आधी तपासू." दुसऱ्या दिवशी वडापच्या जीपनं सरकारी दवाखान्यात नेलंत. सिस्टरनं गर्भाशयाच्या तोंडाला औषधाचं पाणी लावलं, मिनिटभर थांबून पाहिलं. शंकेचा पांढरा चट्टा उठला नाही. जंतुसंसर्ग होता, गोळ्यांनी गेला. गोळ्या दोघांनाही होत्या. बाबा लाजून घेईनात, तर तुम्ही समोर बसून त्यांना पहिली गोळी गिळायला लावलीत. आमच्या वस्तीत हे दुसरं कुणी केलं नसतं.

आता मी नर्सिंगला आहे. १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी आपल्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, गावोगावच्या १,३१,७४६ बायांना घेऊन अभ्यास केला, हे इथं शिकले. ज्यांची एकदा एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झाली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. ते वाचताना डोळ्यांसमोर तुमचं रजिस्टर आलं. मोठ्या दवाखान्यानं कितीही चांगली तपासणी काढली तरी बाईला घरातून उठवून टेबलापर्यंत आणणारं ओळखीचं माणूस लागतं. त्या माणसाला आपल्याकडं अजून मानधनच मिळतं, पगार नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

ताई, आई अजून ऊस तोडते, पण ताठ उभी राहून तोडते. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

दसऱ्याआधी मी आठवडाभर येतेय. वस्तीत ज्यांची तपासणी राहिलीय त्यांची नावं काढून ठेवा. मावशीलाही डॉक्टरांना दाखवायचंय. वडापचं भाडं माझ्याकडं.

तुमची,
वस्तीवरची लेक