क्यूआर कोडमागेही तोच मजकूर?

महोदय,

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन शहरातल्या एका वारसा प्रदर्शनाला गेलो होतो. काळाराम मंदिर, सीतागुंफा, रामकुंड असे फलक लावलेले आणि प्रत्येकाखाली क्यूआर कोड. नातीनं हौसेनं पहिला स्कॅन केला, तर मोबाइलवर फलकावरचाच मजकूर! दुसऱ्या कोडवर व्हिडिओ होता. त्यात तोच मजकूर एक बाई वाचून दाखवत होत्या. आयोजकांच्या इन्स्टाग्रामवरही त्याच ओळी. तिसऱ्या फलकापाशी तिनं फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "आजोबा, भेळ खायची?"

एकच गोष्ट अनेक माध्यमांतून सांगण्याला हल्ली 'ट्रान्समीडिया' म्हणतात. हेन्री जेन्किन्स या अमेरिकी अभ्यासकानं २००६ च्या पुस्तकात हे नीट मांडलंय: प्रत्येक माध्यमानं गोष्टीत स्वतःची भर घालायची. चार भांड्यांत एकच आमटी ओतायची नाही.

नाशिककरांना हे अमेरिकेतून शिकायची गरज नव्हती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये 'लंकादहन' काढला, तेव्हा रामकथा लोकांना कीर्तनातून पाठच होती. पण मारुती उडताना आणि लंका जळताना डोळ्यांना दिसणं, हे कीर्तनकाराच्या हातातलं नव्हतं. त्याच सुमारास सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी छोटी फिल्मही त्यांनी केली आणि 'नवयुग' मासिकात लेख लिहून या धंद्यातली ओढाताण सांगितली. पडद्यावर एक, पडद्यामागचं दुसरं, कागदावर तिसरं. मूळचे छायाचित्रकार आणि छापखानेवाले, शिवाय जादूचे प्रयोगही करायचे; कोणत्या साधनातून काय साधतं हे त्यांना हाताला ठाऊक होतं.

आता काळाराम मंदिराचंच बघा. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. फलकावर एवढं पुरे. पण सत्याग्रहींच्या घरांत आजही सांगितल्या जाणाऱ्या आठवणी त्यांच्याच बोलीत ऐकायला मिळाल्या तर? पूर्व दरवाजासमोर उभं राहून कानाला फोन लावायचा आणि ऐकायचं. मग गोदाघाटापर्यंत चालत जाताना पुढचा भाग. जुने फोटो शाळांमधल्या मुलांनी आपापल्या घरांतून शोधून आणायचे. याला फार खर्च नाही, चिकाटी मात्र लागते. (आणि निविदेत चिकाटीचा रकाना नसतो.)

सिंहस्थ तोंडावर आलाय. माहितीफलक, अ‍ॅप, रील्स यांचा पूर येणार हे उघड आहे. कंत्राट देताना संबंधितांनी एकच अट घालावी: फलकावरचं वाक्य कोडमागे पुन्हा दिसता कामा नये.

जाता जाता, त्या प्रदर्शनात फाळक्यांचाही फलक होता. जन्मतारीख आणि 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक', बस्स. त्या 'लंकादहन'चे उपलब्ध तुकडे कोडमागे ठेवले असते, तरी आमची भेळ अर्धा तास लांबली असती.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक