क्रूझला येणाऱ्या सभासदांसाठी: खाण्याच्या वस्तूंबाबत

सिडनीहून न्यूझीलंडच्या क्रूझला येणाऱ्या सर्व सभासदांनी बॅग भरण्याआधी वाचावे.

कुंदा घरीच ठेवा. खव्याची मिठाई भारतातून ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, मग ती बेळगावातल्या कितीही नामांकित दुकानाची असो. शेंगाची पोळी, कडक भाकरीही नको. घरी केलेले पदार्थ बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर घेऊ देत नाहीत. कंपनीचे सीलबंद सुके खाणे चालते, पण तेही ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या प्रवासी-कार्डावर लिहायचे. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीला दंड होतो.

खरा घोळ बंदरात उतरताना होतो. सकाळच्या नाश्त्यातले सफरचंद किंवा केळे 'वाटेत खाऊ' म्हणून पर्समध्ये टाकायची आपल्या सगळ्यांची सवय. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका फळालाही जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. तिथे वास घेणारी कुत्री असतात, आणि त्यांना वयाचा मान वगैरे कळत नाही! मधाची बाटलीही न्यूझीलंडात चालत नाही.

मधुमेहींनी सीलबंद बिस्किटे जवळ ठेवावीत, उतरताना स्वतःहून सांगून दाखवावीत. जहाजावर शाकाहारी जेवण मिळते. जैन जेवण हवे असल्यास बुकिंगच्या वेळीच कळवा.